बर्फाच्या दिवसांत वसंताची चाहूल : कळ्या ओळखणं, वहीत उतरवणं, फांद्या घरात फुलवणं

एप्रिलमध्ये बॉस्टनच्या कुंपणांवर पिवळीधमक उमलणारी फोर्सिथियाची फुलं एप्रिलमध्ये घडत नाहीत. आदल्या उन्हाळ्यातच ती कळीच्या आत तयार होऊन मिटून बसलेली असतात. चेरी, मॅग्नोलिया, लायलॅक, सफरचंद, पुसी विलो या सगळ्यांचं असंच आहे. जानेवारीत गुडघाभर बर्फातून वर आलेली काडी आपल्याला वाळकी वाटते, पण त्या वर्षीची सगळी फुलं तिच्या अंगावर असतात. चित्र काढणारे, लिहिणारे, फोटो घेणारे, कशिदा किंवा रांगोळी काढणारे यांना या महिन्यांत काही सुचेनासं होतं, कारण पाहण्यासारखं जे आहे ते नखाएवढं आहे आणि त्याच्या जवळ जावं लागतं.

पुढे दिलेल्या तारखा बॉस्टन ते न्यू जर्सी या पट्ट्याच्या आहेत. टोरांटो किंवा शिकागोला एक-दोन आठवडे उशिरा धरा.

सुरुवात घरातूनच : उन्हाचा पट्टा

पहिली खूण झाडांच्याही आधी उजेडात दिसते. बॉस्टनला सर्वांत लवकर सूर्यास्त २१ डिसेंबरला होत नाही. तो ९ डिसेंबरच्या आसपास, दुपारी ४ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास होतो. म्हणजे हिवाळा पंचांगात सुरू होण्याआधीच संध्याकाळी लांबू लागलेल्या असतात. २१ डिसेंबरचा दिवस ९ तास ५ मिनिटांचा असतो, १ फेब्रुवारीचा १० तासांचा आणि १ मार्चचा सव्वाअकरा तासांच्या जवळ. फेब्रुवारीत दिवस रोज अडीच मिनिटांहून थोडा जास्त वाढतो.

हे आकडे वाचून काही सुचत नाही, डोळ्यांनी पाहिलं की सुचतं. दक्षिणेकडच्या खिडकीतून जमिनीवर जो उन्हाचा पट्टा येतो, त्याच्या आतल्या टोकाशी दुपारी बाराच्या सुमारास कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर तारीख लिहा. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, पुन्हा. खिडकीची वरची कड जमिनीपासून २ मीटर उंच असेल, तर २१ डिसेंबरला ऊन साडेचार मीटर आत येतं, १ फेब्रुवारीला साडेतीन मीटरच्या आसपास आणि २० मार्चला दोन मीटरही नाही. सूर्य वर चढतो तसा पट्टा खिडकीकडे मागे सरकतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, त्यानंतर खूण एक वाजता करा, नाहीतर ओळ मोडते. या चिकटपट्ट्यांची रांग हेच एक चित्र आहे. तिचा फोटो किंवा रेखाटन वहीच्या पहिल्या पानावर ठेवा.

बाहेर पडताना काय घ्यायचं

थोडंच. पुठ्ठ्याच्या जाड कव्हरची, खिशात मावणारी वही. २बी पेन्सिल, कारण बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होते आणि जलरंगांचं पाणी गोठतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पंधरा सेंटीमीटरची पट्टी, आणि जाड हातमोज्यांच्या आत पातळ हातमोजे, म्हणजे काढताना बोटं उघडी पडत नाहीत. फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या खिशात बॅटरी झपाट्याने उतरते.

वेळ दुपारी बारा ते तीन, तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या थोडं वर, आणि फेरी वीस ते तीस मिनिटांची. याहून जास्त वेळ थांबलात तर हात आखडतात आणि पाहणं वरवरचं होतं. वाऱ्यासकट थंडी उणे १५ अंशांच्या खाली असेल त्या दिवशी खिडकीतून काढा. गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवू नका आणि छपराला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांखाली उभे राहू नका.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रस्ता तोच ठेवा. चार किंवा पाच झाडं-झुडपं ठरवा आणि दर आठवड्याला त्यांनाच भेटा. कळीतला बदल एका भेटीत दिसत नाही, मागच्या पानाशी ताडून पाहिला तरच दिसतो. रोज नवी जागा शोधणाऱ्याच्या वहीत सुंदर पानं जमतात, पण वसंताचं पाऊल त्यांत सापडत नाही.

कुठे पाहायचं

दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या पायथ्याशी. तिथे बर्फ आधी वितळतो आणि स्नोड्रॉप या छोट्या पांढऱ्या फुलाच्या पानांची टोकं तिथेच पहिल्यांदा वर येतात. या पानांची टोकं मुळातच कडक असतात, त्यामुळे ती गोठलेली माती आणि बर्फाची साय फोडून निघतात.

मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवती. काळपट साल ऊन शोषते, ती ऊब बाहेर टाकते आणि बुंध्याभोवती बर्फात गोल खळगा पडतो. हा खळगा दक्षिणेच्या बाजूला जास्त रुंद असतो. किंचित उबेच्या दिवशी त्या खळग्यात मिरपूड सांडल्यासारखे ठिपके दिसले आणि ते उड्या मारत असतील, तर ते स्नो फ्ली हे बारीक किडे. नावात पिसू असली तरी ते चावत नाहीत.

पाणथळ जागी. फेब्रुवारीच्या शेवटी ओढ्याकाठच्या चिखलात बर्फाला गोल भोक पडून त्यातून जांभळट-तपकिरी, टोकदार आवरण वर आलेलं दिसेल. ही स्कंक कॅबेज. तिचा फुलोरा स्वतः उष्णता तयार करतो, बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते ३५ अंश जास्त, आणि भोवतीचा बर्फ वितळवतो. पान चुरगळलं तर उग्र वास येतो. ती खायची नाही.

रंग हवा असेल तर झुडपांच्या साली पाहा. रेड ऑझियर डॉगवुडच्या काड्या हिवाळा सरताना अधिक लाल होतात आणि विलोच्या कोवळ्या फांद्या फेब्रुवारीत पिवळ्या-केशरी दिसू लागतात. लांबून पूर्ण झाड उजळल्यासारखं वाटतं. विच हेझेल तर बर्फातच फुलतं. त्याच्या पाकळ्या अरुंद, फितीसारख्या असतात. कडक थंडीत त्या गुंडाळल्या जातात आणि ऊब आली की पुन्हा उलगडतात. एकाच फुलाची सकाळ आणि दुपार अशी दोन चित्रं काढायला याहून चांगला विषय नाही. आता एक सावधगिरी. अमेरिकेत रानात वाढणारं साधं विच हेझेल शरद ऋतूत फुलतं. फेब्रुवारीत फुलणाऱ्या जाती वेगळ्या. त्यांतली पिवळ्याधमक फुलांची ‘अर्नोल्ड प्रॉमिस’ बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरिटममधून आली. १८७२ साली सुरू झालेली ही वृक्षबाग रोज उघडी असते, प्रवेश फुकट आहे आणि झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, म्हणून कळ्या शिकायला ती उत्तम. तिथली डहाळी मात्र तोडायची नाही.

कानही उघडे ठेवा. जानेवारीच्या मध्यापासून चिकडी हा छोटा पक्षी दोन सुरांची शीळ घालू लागतो, पहिला सूर वरचा, दुसरा खालचा. बाकीचा हिवाळा तो वेगळ्याच आवाजात बोलत असतो. ही शीळ ऐकू आली त्या दिवसाची तारीख वहीत हवी. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर असे दिवस सुरू झाले की शुगर मेपलमध्ये रस वाहू लागतो. साधारण ४० लिटर रस आटवून १ लिटर पाक मिळतो. कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो, म्हणून पाक करणारी माणसं कळ्यांवर आपल्याइतकीच नजर ठेवून असतात.

कळी वाचायला शिका

काडी हातात धरून तीन गोष्टी पाहा.

एक, कळ्या समोरासमोर आहेत की एकाआड एक? मेपल, ॲश, डॉगवुड, हॉर्स चेस्टनट, फोर्सिथिया आणि लायलॅक यांच्या कळ्या जोडीने, समोरासमोर असतात. चेरी, सफरचंद, बर्च, बीच, ओक, विलो, मॅग्नोलिया यांच्या आलटून-पालटून. या एका प्रश्नाने अर्धी ओळख पटते. रांगोळी किंवा कशिदा करणाऱ्यांना इथेच दोन तयार नमुने मिळतात. समोरासमोरच्या कळ्यांची काठाला सरळ, तोलून धरलेली पट्टी होते, आणि आलटून-पालटून असलेल्या कळ्यांची वळत जाणारी वेल.

दोन, कळीवर पांघरूण कसलं आहे? मॅग्नोलियाच्या फुलकळीवर दाट करडी लव असते. विलोच्या कळीवर एकच खवला असतो, टोपीसारखा, आणि तो गळाला की आतली रुपेरी लव दिसते. बीचची कळी लांब, सडपातळ, अणकुचीदार, दोनेक सेंटीमीटरची, एकावर एक बसलेल्या अनेक तपकिरी खवल्यांची. हॉर्स चेस्टनटची जाड, तुकतुकीत आणि चिकट. रेड मेपलच्या कळ्या लाल, गोल आणि झुबक्यांनी असतात.

तीन, कळीखालचा वण. मागच्या वर्षीचं पान जिथे जोडलेलं होतं तिथे खूण राहते. हॉर्स चेस्टनटवर ती घोड्याच्या नालासारखी असते, खिळ्यांच्या ठिपक्यांसकट.

मग टोकाकडून मागे या. काडीभोवती बारीक रेघांचं कडं दिसेल. मागच्या वसंतात शेंड्याची कळी उघडली तेव्हा तिचे खवले तिथून गळाले. टोकापासून त्या कड्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची एका वर्षाची वाढ. त्याच्यामागचं कडं म्हणजे त्याच्या आधीचं वर्ष. पट्टीने मोजा आणि वहीत प्रत्येक अंतराशेजारी साल लिहा. उन्हातल्या आणि सावलीतल्या फांदीची अंतरं शेजारी मांडली की झाडाचं चरित्र कागदावर येतं. लिहिणाऱ्यांसाठी हा भाग विशेष मोलाचा आहे.

फुलकळी आणि पानकळी यांतला फरक पुढच्या कामासाठी कळायलाच हवा. फुलकळी गोलसर आणि फुगीर असते, पानकळी बारीक, टोकदार आणि काडीला चिकटलेली. शंका असेल तर एक कळी ब्लेडने आडवी कापून भिंगातून पाहा. फुलकळीत पाकळ्यांच्या आणि पुंकेसरांच्या घड्या दिसतात. काडी जिवंत आहे का हे पाहायला साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली.

फांद्या घरात फुलवणं

महाराष्ट्रात डाळिंब-संत्र्याच्या बागेला पाण्याचा ताण देऊन बहार धरतात. थंड देशात हा ताण थंडी देते. शून्य ते सात अंशांदरम्यान काही आठवडे काढल्याशिवाय या झुडपांच्या कळ्या ऊब मिळूनही उघडत नाहीत. म्हणून डिसेंबरात आणलेली फांदी घरात नुसती वाळते. जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत लवकर फुलणाऱ्या झुडपांची ही गरज भागते आणि तेव्हापासून फांद्या कापायला हरकत नाही.

कधी काय कापावं? विच हेझेल जानेवारीतच, एक आठवड्यात उमलतं. फोर्सिथिया जानेवारीच्या शेवटापासून, सुरुवातीला दोन-तीन आठवडे, मार्चमध्ये आठ-दहा दिवस. पुसी विलो फेब्रुवारीत, दोनेक आठवडे. चेरी फेब्रुवारीत, दोन ते चार आठवडे. सफरचंद आणि क्वीन्स फेब्रुवारीच्या मध्यानंतर, तीन-चार आठवडे. मॅग्नोलिया आणि लायलॅक मार्चमध्ये, चार-पाच आठवडे. बाहेरचा मोसम जितका जवळ, तितकी घरातली वाट कमी. पहिल्यांदा करत असाल तर फोर्सिथियाच घ्या. ती सहसा निराश करत नाही.

फांद्या स्वतःच्या अंगणातल्या किंवा शेजाऱ्यांना विचारून घ्या. सार्वजनिक बागेतून आणि राखीव रानातून कापायला मनाई असते. अंगण नसेल तर फेब्रुवारीपासून फुलवाल्यांकडे आणि मोठ्या किराणा दुकानांत पुसी विलो आणि फोर्सिथियाच्या जुड्या मिळतात.

१. शून्याच्या वर तापमान असेल अशी दुपार निवडा. धारदार सिकेटरने पेन्सिलीच्या जाडीच्या, ६० ते ९० सेंटीमीटर लांबीच्या पाच ते सात फांद्या घ्या. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या कळीच्या अर्धा सेंटीमीटर वर, किंवा फांदी जिथून फुटते तिथेच कापा. खुंट ठेवू नका. एकमेकींवर घासणाऱ्या, आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या आधी घ्या, म्हणजे झुडपाची छाटणीही होते. एका झुडपाचा पाव भागापेक्षा जास्त भाग काढू नका.

२. घरात आणल्यावर थेट गरम खोलीत नेऊ नका. तासभर गॅरेजमध्ये किंवा जिन्यात ठेवा. मग बाथटबमध्ये कोमट पाणी घेऊन फांद्या आडव्या, पूर्ण बुडवून रात्रभर ठेवा. कळ्यांवरचे खवले भिजून सैल होतात. या एका पायरीने सर्वांत जास्त फरक पडतो आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

३. सकाळी बुडखा पाण्याखाली धरूनच पुन्हा दोन-तीन सेंटीमीटर तिरका कापा. हवेत कापला तर पाणी वाहणाऱ्या नलिकांत हवा शिरते आणि वाट अडते. बुडखा जाड असेल तर त्याला दोन सेंटीमीटरची उभी चीर द्या. हातोडीने ठेचण्याचा सल्ला जागोजागी दिला जातो, तो पाळू नका. ठेचलेल्या लाकडातल्या नलिका चिरडतात आणि पाणी लवकर कुजतं.

४. पाण्याखाली जातील त्या कळ्या काढून टाका. बादलीत अंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी पंधरा सेंटीमीटरपर्यंत भरून फांद्या उभ्या ठेवा. पाणी आपोआप निवू द्या. फुलवाल्याकडची टिकवणारी पूड असेल तर घाला, नसेल तर वेळेवर पाणी बदलणं पुरतं.

५. बादली १३ ते १८ अंशांच्या, थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा. तळघर, गॅलरीला लागून असलेली खोली, कमी तापवलेली झोपायची खोली, काहीही चालेल. ड्रायक्लीनवाल्याकडून येते ती पातळ प्लास्टिकची पिशवी वरून सैल घाला आणि दिवसातून एक-दोनदा फवाऱ्याने कळ्या ओल्या करा. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, आठवड्याने बुडखा पुन्हा थोडा कापा.

६. कळीच्या टोकाला रंग दिसला की पिशवी काढा आणि फांद्या फुलदाणीत, भरपूर उजेडात पण उन्हाबाहेर आणा. रात्री पुन्हा थंड जागी ठेवल्या तर फुलं बरेच दिवस जास्त टिकतात.

कुठे बिघडतं

कळ्या तपकिरी होऊन वाळल्या, तर हवा कोरडी आहे. हिवाळ्यात तापवलेल्या घरातली हवा फार कोरडी असते. हीटरच्या झरोक्यापासून आणि रेडिएटरपासून फांद्या लांब न्या, फवारणी वाढवा. फुलं आली पण फिकी आणि छोटी, तर खोली जास्त गरम होती. घाईने फुललेल्या फांदीचा रंग उतरतो. नुसती पानंच फुटली, तर पानकळ्यांची फांदी निवडली गेली. कळ्या फुगून गळाल्या, तर जवळ केळी-सफरचंदांची टोपली आहे का पाहा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कळ्या झडतात.

आणखी एक कारण बाहेरच घडून गेलेलं असतं. उणे २५ अंशांच्या आसपासच्या थंडीत फोर्सिथियाच्या फुलकळ्या मरतात. बर्फाखाली झाकलेल्या फांद्यांवरच्या मात्र वाचतात, म्हणूनच काही वर्षी वसंतात झुडूप फक्त खालच्या भागात, जिथवर बर्फ होता तिथवरच फुलतं. असा कडाका येऊन गेला असेल तर फांद्या खालून घ्या. कापण्याआधी दोन-तीन कळ्या चिरून पाहा. आत काळं दिसलं तर ती फांदी सोडा.

सणासाठी हव्या असतील तर तारखेपासून उलटं मोजा. गुढीपाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात येतो. त्या वेळी उत्तरेकडच्या गावांत बाहेर अजून फारसं काही फुललेलं नसतं, पण घरात फोर्सिथिया दहा दिवसांत फुलते. फांद्या दोन हप्त्यांत कापा, पाडव्याच्या बारा दिवस आधी काही आणि आठ दिवस आधी काही. पहिल्या हप्त्याने घाई केली तर त्या थंड जागी हलवा, दुसरा मागे पडला तर उबेत आणा. वसंतपंचमी जानेवारीत आली तर फोर्सिथियावर विसंबू नका. त्या दिवशीच्या पिवळ्या रंगासाठी विच हेझेल खात्रीचं.

वहीत उतरवणं

पानाचे आठ चौकोन करा. एकच फांदी, तिच्यावरची एकच कळी, एकाच बाजूने, रोज. कळी पाच मिलिमीटरची असेल तर चार सेंटीमीटरची काढा, म्हणजे आठपट. प्रत्येक चौकोनाखाली तारीख आणि पट्टीने मोजलेली लांबी लिहा. पहिले दोन-तीन दिवस काहीच बदलत नाही असं वाटतं आणि हात कंटाळतो. तेव्हा खवल्यांच्या कडा पाहा. त्यांच्या मधून फिकट, नवी रेघ दिसू लागते. झाकलेला भाग पहिल्यांदा उजेडात आल्याची ती खूण आहे आणि चित्राची खरी गोष्ट तिथे सुरू होते. सुरुवात छटेने करू नका. आधी बाह्यरेषा, मग खवल्यांची मांडणी, आणि शेवटी गडद जागा. आधीच छटा भरली की डोळा मोजणं सोडून देतो.

रंग घरात आल्यावर द्या. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद लाटा पडू देत नाही. बर्फासाठी पांढरा रंग वापरू नका, कागद कोरा सोडा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी बर्फावरच्या सावल्या निळ्या दिसतात, कारण तिथे सूर्य पोचत नाही आणि उजेड येतो तो फक्त निळ्या आकाशाचा. अल्ट्रामरीन निळ्यात अगदी थोडा बर्न्ट सिएना, आणि भरपूर पाणी. काळ्या किंवा राखाडी रंगाने सावली भरली की बर्फ मळका दिसतो. नवशिक्यांच्या बहुतेक चित्रांत बिघाड इथेच असतो. ढगाळ दिवशी सावल्या जवळपास नसतात, त्या दिवशी बर्फाचा नाद सोडून फांद्यांच्या रेषा काढा. डॉगवुडच्या लालसाठी अलिझरिन क्रिमझनमध्ये थोडा बर्न्ट सिएना, विलोच्या पिवळ्यासाठी येलो ऑकरमध्ये थोडा कॅडमियम येलो. बीचची वाळकी पानं हिवाळाभर फांदीला धरून राहतात. ती रंगवायला पातळ केलेला येलो ऑकर एकटा पुरतो. दर आठवड्याला त्या फेरीत दिसलेल्या पाच रंगांचे ठिपके एका ओळीत ठेवा. मार्चपर्यंत ओळी आपोआप पिवळ्या-तांबड्याकडे सरकलेल्या दिसतात.

लिहिणाऱ्यांसाठी हाच नियम शब्दांत. प्रत्येक फेरीवर पाच ओळी, त्यांत एक माप, एक रंग, एक स्पर्श, एक आवाज आणि एक क्रियापद जे आजवर वापरलं नाही. ‘सुंदर’, ‘शुभ्र’, ‘नीरव’ हे शब्द महिनाभर बंद ठेवा, कारण ते पाहण्याआधीच हजर होतात. लव, खवला, राठ, तुकतुकीत, चिकट, तडकलेलं, पोपडा, गाठ, वण असे शब्द हाताशी असले की वाक्यं आपोआप कळीच्या जवळ राहतात.

बर्फ पडत असताना

फिरायला जाता येत नाही असा दिवस वाया घालवू नका. काळ्या मखमलीचा किंवा लोकरीचा तुकडा अर्धा तास बाहेर ठेवून पूर्ण गार करा, मग त्यावर बर्फाचे कण झेला आणि श्वास बाजूला सोडत भिंगातून पाहा. ढगात उणे १५ अंशांच्या आसपास तयार झालेले कण फांद्याफांद्यांचे, चांदणीसारखे असतात, तर उणे ५ च्या आसपासचे सुईसारखे. व्हरमाँटमधल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पहिल्यांदा एका कणाचा फोटो घेतला, आणि आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त घेतले. काढताना पूर्ण कण काढायला जाऊ नका, तो तेवढा वेळ टिकत नाही. एकच हात नीट काढा आणि घरात तो ६० अंशांनी फिरवत सहा वेळा उतरवा. ठिपक्यांच्या रांगोळीला हे थेट लागू पडतं.

कंदांबद्दल थोडक्यात

जानेवारीत ट्युलिप किंवा हायसिंथचे कंद आणून घरात फुलवायला उशीर झालेला असतो, त्यांना तीनेक महिन्यांची थंडी लागते. कळी दिसत असलेली कुंडीच विकत घ्या. पेपरव्हाइट या नार्सिससला मात्र थंडी लागत नाही. खडे भरलेल्या पसरट भांड्यात कंद ठेवा, पाणी कंदाच्या तळाला जेमतेम लागेल इतकंच. चार ते सहा आठवड्यांत फुलं येतात. देठ फार उंच होऊन कोलमडणं ही त्यांची नेहमीची तक्रार. अंकुर तीन-चार सेंटीमीटरचा झाला की साध्या पाण्याऐवजी सुमारे ५ टक्के अल्कोहोलचं पाणी द्या, म्हणजे ४० टक्क्यांच्या व्होडकाचा एक भाग आणि पाण्याचे सात भाग. कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांत यामुळे देठ तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त आखूड राहिले आणि फुलं तेवढीच आली. बिअर आणि वाइन चालत नाही, त्यांतली साखर कंदाला मारक ठरते.

फुलं गेल्यावर

फोर्सिथिया आणि चेरीच्या फांद्या कंपोस्टमध्ये टाका. पुसी विलोचे दोन उपयोग आहेत आणि ते आधीच ठरवावे लागतात. रुपेरी लव पूर्ण आली पण पिवळे पराग अजून दिसले नाहीत, अशा वेळी फांदी पाण्यातून काढून कोरड्या फुलदाणीत ठेवली तर ती तशीच वाळते आणि वर्षभर चित्रासाठी हाताशी राहते. पाण्यातच ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत बुडख्याला पांढरी मुळं फुटतात. ती चार-पाच सेंटीमीटरची झाली की ओलसर मातीच्या कुंडीत लावा, कुंडी उजेडात ठेवा आणि शेवटचं दव गोठून गेलं की मे महिन्यात जमिनीत हलवा. जागा ओलसर आणि उन्हाची हवी. सांडपाण्याच्या आणि पाण्याच्या नळांपासून दहा मीटर तरी लांब लावा, कारण विलोची मुळं पाण्याचा माग काढत नळांच्या सांध्यांत शिरतात.